राणीच्या कपाळाचं कुंकू

"अगं बाई! कपाळ मोकळंच हाय की!"

वहिनी एवढ्या मोठ्यानं ओरडली की छत्रीबागेतल्या पिंपळावरचे राघू भर्रकन उडाले.

खोक्याची वरची फळी नुकतीच निघाली होती. आत भाताच्या पेंढ्यात गळ्यापर्यंत रुतून विलायतेची व्हिक्टोरिया राणी बसली होती, मुंबईच्या कारागिरानं घडवलेली, पांढऱ्याशुभ्र संगमरवराची. मुकुट दिसला, सरळ नाक दिसलं, गुबगुबीत गाल दिसले. चेहरा आम्हा सगळ्यांच्या ओळखीचा. राणीछाप रुपया कोणी पाहिला नव्हता? पण रुपयावरची राणी एका बाजूला बघते. ही सरळ आमच्याकडे बघत होती, आणि तिच्या कपाळाला टिकलीएवढंही काही नव्हतं.

"दगडाला कुठलं कुंकू? आपण लावायचं असतंय ते," माझा दादा म्हणाला.

"लावायचं कसं, महादू?" अण्णाशास्त्री उपरणं सावरत पुढे झाले. आमच्या संस्थानचे राजपुरोहित ते. "राणीसरकारांचे यजमान आधीच वारले होते. त्यानंतर चाळीस वर्षं त्या विधवाच होत्या."

झालं! राणी वारल्याला दोन वर्षं होऊन गेली होती. तिच्या स्मरणाची दगडी छत्री बांधून झाली होती, कळस चढला होता, संस्थानावर नजर ठेवणाऱ्या इंग्रज पोलिटिकल साहेबाला उद्घाटनाचं आमंत्रण गेलं होतं. आणि हा विचार तोवर एकाच्याही डोक्यात आला नव्हता.

आमचं कोंदवडे संस्थान केवढंसं! सकाळी घोडा सोडला तर दुपारच्या भाकरीला हद्दीबाहेर. पण मिजास अशी की विचारू नका. शेजारच्या संस्थानानं राणीचा छातीपर्यंतचा पुतळा बसवला म्हटल्यावर आमच्या राजेसरकारांनी अख्खी राणी मागवली, सिंहासनासकट. आणि नुसती चौकात उभी करून कावळ्यांच्या हवाली करायची नाही, तर आमच्या राजघराण्याच्या छत्र्यांच्या रांगेत, नदीकाठी, मानानं बसवायची.

आता आमच्याकडे छत्रीत बसलेलं माणूस मेलेलं नसतं. म्हणजे मेलेलंच असतं, पण तसं धरायचं नसतं. सकाळी त्याला उठवायचं, अंघोळ घालायची, कपडे करायचे, नैवेद्य दाखवायचा, वर विडा द्यायचा. संध्याकाळी समई लावायची आणि सनई वाजवायची. ही सेवा आम्हा गुरवांच्या घराकडे. राजाच्या छत्रीत पुरुषानं सेवा करायची, राणीच्या छत्रीत बाईनं. राणी सवाष्ण गेलेली असेल तर हिरवं लुगडं, हातभर चुडा, दोन वेळचं जेवण, आणि सेवेला सवाष्णच. राणी विधवा होऊन गेलेली असेल तर पांढरं लुगडं, एकवेळचं जेवण, एकादशीला तेही नाही, आणि सेवेला विधवा. जिच्याकडे सेवा, तिला छत्रीमागच्या दोन खोल्या आणि राजवाड्यातून शिधा, मरेपर्यंत.

सरकारांनी कपाळावर हात मारून घेतला. तरुणच होते तेव्हा, पंचविशीतले, मिशा नुकत्या वळायला लागलेल्या.

"आईसाहेब, ऐकलंत? सगळ्या जगाच्या मालकिणीला आम्ही पांढऱ्या लुगड्यात बसवायचं, आणि एकवेळ जेवू घालायचं? पोलिटिकल साहेब विचारतील, आमच्या राणीला उपाशी का ठेवलंत? काय सांगू त्यांना, आज एकादशी आहे म्हणून?"

आईसाहेब म्हणजे सरकारांच्या मातोश्री. मेण्यातून उतरून त्या पिंपळाच्या पारावर बसल्या होत्या. अंगावर पांढरं, डोक्यावरून पदर, आणि आवाज असा की घोडासुद्धा जागच्या जागी थांबावा.

"आम्ही पंधरा वर्षं एकवेळच जेवतोय," त्या म्हणाल्या. "उपाशी मेलो का? रीत म्हणजे रीत. तिच्यासाठी एक आणि आमच्या सासूबाईंसाठी दुसरी असं चालायचं नाही."

"मग सेवा..." शास्त्रीबुवा म्हणाले.

"गुरवाच्या घरात विधवा कोण आहे?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी तुळसा, महादू गुरवाची धाकटी बहीण. नवरा प्लेगात गेला आणि मी भावाच्या दारात येऊन पडले, त्याला चार वर्षं झाली होती. त्या दिवशी माझ्या वैधव्याचा पहिल्यांदा काहीतरी उपयोग झाला.

वहिनीचं तोंड मात्र एवढंसं झालं. भागा वहिनी मनानं वाईट नव्हती हो. पण एका खोलीत तिची चार पोरं, नवरा, चूल, शेळी आणि वर मी. ती खोकं उघडायला आली होती ती राणीसाठी थोडीच! मागच्या खोल्यांत चूल कुठं मांडायची, हे तिनं येता येता ठरवून ठेवलं होतं.

"करा वन्सं," ती घरी जाताना म्हणाली. "तुमच्या नशिबात राणी, आमच्या नशिबात शेळी."

मी हसले. तीही हसली, पण जरा उशिरानं.

मी दुसऱ्याच दिवशी त्या दोन खोल्या शेणानं सारवून काढल्या. खरं सांगते, सारवताना गाणं म्हणत होते. आपलं दार, आपली कडी. कुणी "जरा तिकडं सरका" म्हणणार नाही. सणासुदीला आत तोंड लपवून बसायला नको. वहिनीच्या घरी हळदीकुंकू असलं की मी शेळीला चारायला न्यायची. शेळीला भूक असो नसो.

राणीला लुगडं नेसवणं हे मात्र महाकर्मकठीण निघालं. ती आणि तिचं सिंहासन एकाच दगडाचं. बसलेल्या बाईला काष्टा घालायचा कसा? दादा म्हणाला, पालथी घालू. मी म्हटलं, मुडद्या, साम्राज्याची मालकीण आहे ती. शेवटी देवीला नेसवतात तसं केलं. निऱ्या आधीच घालून दोरीनं कमरेला बांधल्या, पदर मुकुटावरून घेतला, आणि मागून सुईदोऱ्यानं टाचला. लांबून बघितलं तर थेट आमच्या आईसाहेब! मी पदराचा बोळा तोंडात घालून हसले.

मग रोजच्या सरावानं मी तिच्याशी बोलायलाच लागले. "बाई, तुमचं बरंय, तुम्ही राज्य तरी केलंत. आम्ही शेळी राखली." ती गुमान ऐकायची. वहिनीपेक्षा ते बरं होतं.

उद्घाटनाला आठवडा राहिला असेल. मी राणीचा पदर टाचत होते, तोच मागून आवाज आला, "तुळसाबाई, आपण हे काय करीत आहात?"

रूथ मडम होती. मिशनचा दवाखाना चालवायची. पुस्तकातलं मराठी बोलायची, आणि पोटशूळ उठला की सगळं गाव जात-पात विसरून तिच्याकडे पळायचं. सरकारांनीच तिला राणी बघायला पाठवली होती. साहेबाला काही खटकेल का, तेवढं सांगा म्हणून.

"लुगडं नेसवतेय, मडम. आमची रीत आहे. विधवेला पांढरं."

मडमेनं राणीला पायापासून मुकुटापर्यंत न्याहाळलं. मला वाटलं आता रागावते. पण तिचे डोळे भरून आले.

"कोणी सांगितले आपणांस?" ती म्हणाली. "तिची तीच इच्छा होती."

"कसली इच्छा?"

मडम पायरीवर बसली. मीही बसले, सुईदोरा हातात तसाच.

"पती वारल्यापासून राणी रोज काळी वस्त्रे नेसत असे. आमच्यात शोकाचा रंग काळा. चाळीस वर्षे तिने दुसरा रंग घातला नाही. परंतु मरण्यापूर्वी तिने सांगून ठेवले होते, माझ्या अंत्ययात्रेत काळे नको. मला पांढरे नेसवा. माझी बहीण तिकडे असते, तिने मला हे सर्व कळविले. आणि राणीच्या मुखावर तो पांढरा जाळीचा शेला घातला. तिच्या विवाहातला."

"लग्नातला? तोच?"

"तोच. साठ वर्षे तिने जपून ठेवला होता. आमच्याकडे नवरी पांढरे नेसते, तुळसाबाई."

माझ्या हातातली सुई बोटात घुसली. "म्हणजे... ती नवरी होऊन गेली?"

"होय. पतीकडे जावयाचे होते ना." मडम डोळे पुसत हसली. "आपण तिला अगदी योग्य वस्त्र नेसविले आहे."

ती गेली, आणि मी राणीसमोर पुतळ्यासारखी बसून राहिले. एका छत्रीत दोन पुतळे.

योग्य कसलं, कप्पाळ! मडमेच्या देशात पांढरं नवरीचं. माझ्या देशात पांढरं माझं. त्या बाईनं मरताना मागितलं काय, तर मला विधवा म्हणून नेऊ नका, नवरी म्हणून न्या. आणि मी तिला पुन्हा विधवा करून बसवली होती. वर एकादशी!

पण हे बोलायचं कुणापुढं? राणी सवाष्ण ठरली की सेवा सवाष्णीची. म्हणजे वहिनीची. म्हणजे खोल्या गेल्या, दार गेलं, कडी गेली, आणि मी परत शेळीच्या शेजारी. मडमेला आमची रीत ठाऊक नव्हती. शास्त्रीबुवांना राणीची इच्छा ठाऊक नव्हती. दोन्ही गोष्टी ठाऊक असलेलं माणूस संस्थानात एकच, आणि ते तोंड मिटून बसलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

खोल्यांत राहायला उद्घाटनानंतर जायचं होतं, म्हणून त्या दिवशी भावाच्याच घरी गेले. पोरं अंगणात धुडगूस घालत होती, वहिनी भाकऱ्या थापत होती. मी माझी ट्रंक उघडली. आत तळाशी माझं हळदीचं लुगडं होतं. लग्नात अंगावर होतं ते. नवरा गेला तेव्हा सासरच्यांनी बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, डोरलं काढून घेतलं. हे लुगडं तेवढं मी धुण्याच्या बोचक्यात लपवून आणलं होतं. कशासाठी आणलं, ते चार वर्षांत मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी कळलं. मलाही मरताना तेच अंगावर पाहिजे होतं. पण मला ते कोण नेसवणार? मी काय राणी होते?

"काय शोधताय वन्सं?" वहिनीनं विचारलं.

"काही नाही. कसर लागलीय का बघत होते."

वहिनी पिठाच्या हातानं जवळ आली, लुगड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "कडुनिंबाचा पाला घालून ठेवा," एवढंच म्हणाली आणि तव्याकडे गेली. मला मोठ्यानं रडावंसं वाटलं.

मग मी ठरवलं. साठ वर्षं शेला जपणाऱ्या बाईचं मन मीच मोडलं, तर माझं राखायला कोण येणार?

उद्घाटनाच्या आदल्या सकाळी रंगीत तालीम होती. सरकार आले, आईसाहेब आल्या, शास्त्रीबुवा आले, आणि साहेबाच्या बाजूनं काही चुकू नये म्हणून रूथ मडमही. दादा सनई घेऊन, वहिनी फुलांची परडी घेऊन. सरकारांनी पांढरी राणी बघितली आणि सुस्कारा सोडला.

"काय म्हणावं याला! चाळीस हजार माणूस दसऱ्याला या वाटेनं जातं. मिरवणुकीला पहिलं दर्शन पांढऱ्या कपाळाचं."

"सरकार," मी हात जोडले, "राणीबाईंची इच्छा वेगळी होती."

आणि घडाघडा सगळं सांगून टाकलं. शेला, पांढरं, काळं नको, नवरी. मडम बाजूला उभी राहून "होय, होय" करत होती. सरकारांचा चेहरा असा खुलला की विचारू नका.

"अहो मग झालंच! हिरवा शालू आणा! चुडा आणा! शास्त्रीबुवा, कुंकू लावा म्हणतो मी, चांगलं रुपयाएवढं!"

शास्त्रीबुवांनी डोळे मिटले. ते डोळे मिटत तेव्हा आम्हाला धास्ती वाटायची. "शास्त्राला धरूनच आहे," ते म्हणाले. "पतीमागून गेली, पतीला जाऊन मिळाली. आता वियोग नाही, म्हणजे वैधव्य नाही. राणीसरकार सवाष्ण. दोन्ही वेळचा नैवेद्य."

"वा!" सरकार म्हणाले.

"आणि अर्थात," शास्त्रीबुवांनी डोळे उघडले, "सेवेलाही सवाष्ण."

वहिनीनं परडी खाली ठेवली आणि पदर डोक्यावरून नीट घेतला. मी कमरेची किल्ली सोडली आणि तिच्यापुढे धरली. तिनं हात पुढे केला, पण किल्ली घेईना.

"वन्सं," ती हळूच म्हणाली, "तुमाला ठावं हुतं? खोल्या जातील म्हून?"

"होतं."

"मग कशाला बोललीस, येडे!" ती एकदम अगं-तुगंवर आली. "गप ऱ्हायचं की!"

"थांबा," पारावरून आवाज आला. आईसाहेब उठल्या नव्हत्या, पण त्या उठून उभ्या राहिल्यासारखे सगळे सरळ झाले. "मडम, त्या राणीला तो शेला कोणी घातला?"

"तिच्या सोबतच्या स्त्रियांनी, आईसाहेब. तिच्या परिचारिकांनी."

"त्या सवाष्णी होत्या?"

मडमेला प्रश्नाचा रोख कळेना. "ते मला ठाऊक नाही. परंतु राणीच्या सोबतीला पुष्कळदा विधवाच असत. तिला त्यांची संगत आवडे."

"आवडणारच," आईसाहेब म्हणाल्या. "शास्त्रीबुवा, इच्छा विधवेनं केली. ती कळली कोणाला? विधवेला. स्वतःचं घर घालवून सांगितली कोणी? विधवेनं. आता पुरी करायची वेळ आली की सवाष्णीनं पुढं यायचं?"

"पण आईसाहेब, कुंकवाला... विधवेचा हात..."

"आम्ही कोण आहोत, शास्त्रीबुवा?"

शास्त्रीबुवांना घाम फुटला. "आपण राजमाता."

"त्याच्या आधी?"

शास्त्रीबुवा उपरण्यानं कपाळ पुसायला लागले.

"आमच्या हातची दक्षिणा तुम्ही पंधरा वर्षं घेताय. तेव्हा हात कोणाचा ते बघितलंत का? सेवा तुळसाच करील. दोन वेळचा नैवेद्य भागा रांधील आणि मागच्या खोलीत राहील. पोरांसकट. शेळी मात्र नको, आम्हाला वास येतो."

सरकारांनी वरमून मान डोलावली. घोडा थांबतो तिथं मुलगा काय!

दुसऱ्या दिवशी काय थाट होता! पताका, तोरणं, बँड. पोलिटिकल साहेब बिल्ले लावून खुर्चीवर, शेजारी रूथ मडम. आईसाहेब बांबूच्या चिकाच्या पडद्याआड. सगळं गाव नदीच्या घाटावर. सरकारांनी दोरी ओढली, पडदा पडला, आणि हिरव्या शालूत, कोपरापर्यंत चुडा भरलेली राणी बघून लोकांनी अशी आरोळी ठोकली की साहेब दचकला.

"हा काय पोशाख आहे?" असं त्यानं मडमेला विचारलं असावं. मडम त्याच्या कानात काहीतरी बोलली. बराच वेळ बोलली. मग साहेबानं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि नीट बसला.

मी चौरंगावर चढले. हळद लावली. मग कुंकवाच्या कोयरीत बोट बुडवलं. चार वर्षांत माझं बोट कुंकवाला लागलं नव्हतं. राणीच्या थंडगार कपाळावर मी ते टेकवलं आणि गोल फिरवलं. पांढऱ्या दगडावर ते असं काही उठून दिसलं की माझाच जीव सुखावला. "जा बाई आता नवऱ्याकडं," मी मनात म्हटलं.

दादाची सनई सुरू झाली. नैवेद्य झाला, विडा झाला. शास्त्रीबुवांनी सुटकेचा श्वास टाकला आणि तीस वर्षांच्या सवयीनं, प्रत्येक छत्रीत प्रत्येक पूजेच्या शेवटी म्हणत आले तेच, खणखणीत आवाजात म्हणून गेले, "सेवेकऱ्यानं प्रसाद मस्तकी धारण करावा!"

आणि जीभ चावली.

कारण आमच्या छत्र्यांची रीतच ती. जे मूर्तीला लागतं तेच सेवेकऱ्याच्या कपाळाला. राजाचं गंध राजाच्या गुरवाला. विधवा राणीचा बुक्का विधवेला. सवाष्ण राणीचं कुंकू सवाष्णीला. प्रसाद नाकारला तर तो गादीचा अपमान, आणि आज तर विलायतेच्या गादीचा, साहेबाच्या देखत! सगळ्या घाटाला हे ठाऊक होतं. सनईसुद्धा थांबली. आदल्या दिवशी राणीच्या कपाळावरून एवढा वाद झाला, पण माझ्या कपाळाचा विचार कुणीच केला नव्हता. शपथेवर सांगते, मीही नाही.

कोयरी माझ्या हातात होती. बोट उचलत नव्हतं. दगडाला लावणं निराळं. स्वतःला लावायचं म्हटल्यावर मला ते सासरचं अंगण दिसलं, ते पुसणारे हात दिसले. मी मागे बघितलं. शास्त्रीबुवा जमिनीकडे बघत होते. सरकार मिशी कुरवाळत होते. आईसाहेबांच्या पडद्याआड काही हललं नाही.

मग गर्दीतून भागा वहिनी निघाली. नैवेद्याचं ताट दादाच्या हातात कोंबलं, पदर खोचला आणि धाडधाड पायऱ्या चढून वर आली. मला वाटलं, कोयरी हिसकावून घेणार.

तिनं कोयरी घेतली खरी. डाव्या हातानं माझी हनुवटी धरून वर केली.

"वन्सं, हालू नगा," ती मोठ्यानं म्हणाली, घाटाच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं. "राणीचा परसाद हाय. सांडला तर पाप लागंल."

आणि माझ्या कपाळावर तिनं रुपयाएवढं कुंकू लावलं.

मग पडद्याआडून आईसाहेबांचा आवाज आला, "महादू, सनई का थांबली?"

दादा तोंड लाल होईस्तोवर वाजवत सुटला. त्याचे डोळे वाहत होते आणि सूर कुठल्या कुठे चालला होता. वहिनी माझ्या कानाशी वाकली. "रोज मीच लावीन," ती कुजबुजली. "तुमाला गोल जमत न्हाई. राणीचं बगा, पार वाकडं झालंय."

तिनं शब्द पाळला. पंचेचाळीस वर्षं रोज सकाळी राणीची पूजा झाली की वहिनी ओल्या हातानं यायची, माझी हनुवटी धरायची आणि प्रसाद लावायची. सुरुवातीला बायका कुजबुजल्या. वहिनी म्हणायची, "जाऊन राणीला इचारा की." कोण जातंय विचारायला! पुढं दोघीतिघी विधवा प्रसादाला यायला लागल्या. मग आणखी. आईसाहेब स्वतः कधी आल्या नाहीत, पण दर शुक्रवारी राजवाड्यातून एक चांदीची डबी यायची आणि प्रसाद घेऊन झाकलेली परत जायची. त्या डबीचं पुढं काय व्हायचं, ते मी कधी विचारलं नाही.

आता संस्थान गेलं, साहेब गेले, सेवा बंद झाली. राणीला उचलून कचेरीच्या मागच्या कोठीत ठेवलीय, जुन्या पलंगांच्या आणि मोडक्या बग्गीच्या शेजारी. परवा तिथला शिपाई सांगत होता, चिंचेनं घासलं, साबणानं घासलं, तरी म्हातारीच्या कपाळावरचा तांबडा डाग काही जात नाही. मी म्हटलं, बाबा, पंचेचाळीस वर्षं मुरलाय तो. आणि पहिल्या दिवशीचा वाकडाच असणार, नीट बघ.

वहिनी गेली तेव्हा तिला मी माझ्या हातानं मळवट भरला. आता तिची नातसून मला सांभाळते, गोड पोर आहे. तिला ट्रंक दाखवून ठेवलीय. तळाशी हळदीचं लुगडं आहे, वर कडुनिंबाचा पाला. वेळ आली की तेच नेसव म्हणून सांगितलंय, पांढरं आणू नका.

"आणि कुंकू, आज्जी?" ती विचारते.

"लाव की. चांगलं रुपयाएवढं. आणि हनुवटी धरून लाव गं, भागा लावायची तसं."